कळतं पण वळत नाही

आज आम्ही एका जुन्या म्हणीच्या मागचा इतिहास सांगणार आहोत. म्हण तुमच्या-आमच्या तोंडात रोजची आहे : कळतं पण वळत नाही.

ही म्हण आपण कोणासाठी वापरतो? तोंडी हिशोब फटाफट सांगणारा, पण वहीत एकही गणित पुरं न करणारा पोरगा. दप्तर, डबा, चप्पल यांतली एक तरी वस्तू रोज शाळेत विसरून येणारी पोरगी. शाळेची नेहमीची वाट बदलली तर रस्त्यातच बसकण मारणारं लेकरू. चुलीवर दूध, नळाला पाणी आणि दारात पाहुणे असं सगळं एकदम आलं की जागच्या जागी थिजणारी सून. अशा माणसांसाठी आपल्याकडे नावांची कमी नाही. वेंधळा, धांदरट, उनाड, आळशी, हट्टी, एककल्ली, बिनकामाची. नाव ठेवून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला : "आईनं वळण लावलं नाही का?"

म्हणजे बघा, वळत नाही म्हणून लेकरू दोषी आणि वळण लावलं नाही म्हणून आई दोषी.

पण या म्हणीत एक गोष्ट अगदी खरी आहे. कळणं वेगळं आणि वळणं वेगळं. ही दोन्ही मेंदूचीच कामं, पण एक नव्हेत. शास्त्राला हे नीट समजायला दोनशे वर्षं लागली. त्यातला बराच काळ आयांनी बोल ऐकण्यात गेला. म्हणून हा इतिहास आपण बायांनी ऐकायला हवा.

मेंदूतली कारभारीण

आधी ही दुसरी गोष्ट, म्हणजे वळणं, काय असते ते पाहू. सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस आठवा. आभाळ पाहायचं, मजुरांना आदल्या दिवशी सांगून ठेवायचं, ताडपत्री काढून ठेवायची, सोंगून झाल्यावर सुडी झाकायची, थ्रेशरवाल्याचा नंबर लावायचा, बारदाना आणायचा. मधेच पाऊस आला तर सगळा बेत बदलायचा. राग आला तरी मजुरांसमोर तोंड आवरायचं. हे सगळं ज्या घरात सुरळीत होतं, त्या घरात एखादी कारभारीण असते. आधी काय, मग काय, हे तिच्या डोक्यात असतं.

प्रत्येकाच्या मेंदूतही असा कारभार चालतो. काम सुरू करणं, क्रम लावणं, सांगितलेलं थोडा वेळ मनात धरणं, वेळेचा अंदाज घेणं, एक काम सोडून दुसऱ्याकडे वळणं, स्वतःला थांबवणं, ही ती कामं. शास्त्रज्ञ याला एक्झिक्युटिव्ह फंक्शन म्हणतात. आपण मेंदूचा कारभार म्हणू. काही माणसांमध्ये हा कारभार जन्मापासून वेगळ्या तऱ्हेनं चालतो. एडीएचडी म्हणजे लक्ष टिकवणं आणि स्वतःला थांबवणं अवघड जाणारी माणसं, आणि ऑटिझम म्हणजे स्वमग्नता असलेली माणसं, यांच्यात हा फरक पुष्कळदा दिसतो. कोठारात धान्य भरपूर असतं, पण वेळेवर काढून देणारी कारभारीण कधी अडते, कधी गोंधळते. बाहेरच्याला वाटतं, कोठारच रिकामं.

सरकारी वहीतले चार रकाने

आता मागे जाऊ. आपला वाशीम जिल्हा नवा वाटतो, कारण तो १ जुलै १९९८ ला अकोल्यापासून वेगळा झाला. पण इंग्रजांच्या काळात वऱ्हाडात "बासीम" नावाचा जिल्हा होताच. तो १९०५ साली मोडला. त्या काळात, १८८१ च्या शिरगणतीत, घरोघरी फिरणारे गणक माणसांच्या व्यंगांचीही नोंद करत. रकाने चार : वेडे, मुके-बहिरे, आंधळे आणि महारोगी. १९३१ पर्यंतच्या शिरगणत्यांत ही पद्धत चालली.

आपण मघाशी पाहिलेली माणसं या चार रकान्यांत कुठं बसतात? ती कुठंच बसत नाहीत. ती वेडी नव्हती, आंधळी-बहिरी नव्हती. सरकारच्या लेखी ती होती धडधाकट, आणि गावाच्या लेखी आळशी किंवा खुळी. ज्यांना थेट वेडं ठरवलं, त्यांच्यासाठी नागपुरात १८६४ पासून वेड्यांचं इस्पितळ होतं आणि १९१२ चा लुनसी कायदा होता. मधल्यांसाठी नाव नव्हतं, मदत नव्हती. होते ते बोल आणि मार.

एक मात्र खरं. जुन्या शेतीच्या कामात अशा माणसाला थोडा आधार आपोआप मिळे. निंदणाला बायांची ओळ लागली की काम कधी सुरू करायचं आणि कुठवर करायचं हे ओळच सांगे. जात्यावर समोर दुसरी बाई बसलेली असे. जिथं चारजणी मिळून एक काम करतात, तिथं एकीचा कारभार दुसरीच्या कामी येतो. शाळा, घड्याळ, परीक्षा, फॉर्म, पासबुक, मोबाइलचा ओटीपी आले, तेव्हा प्रत्येकाला आपापला कारभार एकट्यानं चालवावा लागला. तिथं ही माणसं उघडी पडली.

लोखंडी गजाची गोष्ट

आता थोडं परदेशात जाऊ, कारण डॉक्टरांच्या पहिल्या लेखी नोंदी तिकडे झाल्या. १७९८ साली अलेक्झांडर क्रिक्टन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरनं लिहून ठेवलं, की काही माणसांना जन्मतःच एका गोष्टीवर लक्ष टिकवणं जमत नाही. त्याकडे फार कोणी पाहिलं नाही.

मग १३ सप्टेंबर १८४८ ला अमेरिकेत एक अपघात झाला. रेल्वेमार्गासाठी खडक फोडणाऱ्या मजुरांचा मुकादम होता फिनिअस गेज. सुरुंगाची दारू ठासताना स्फोट झाला आणि लोखंडी गज त्याच्या गालातून शिरून डोक्यातून बाहेर पडला. नवल म्हणजे माणूस वाचला. बोलू लागला, चालू लागला, जुनं सगळं त्याला आठवत होतं. पण त्याच्या डॉक्टरनं नोंदवलं, की हा आता पहिल्यासारखा मुकादम राहिला नाही. बेत आखतो आणि लगेच सोडून देतो, स्वतःला आवरत नाही. कळणं शाबूत होतं, वळणं बिघडलं होतं. कपाळामागच्या मेंदूचं काही वेगळं काम असावं, ही शंका तिथून बळावली. एडीएचडी किंवा स्वमग्नता म्हणजे अशी इजा नव्हे, हे मात्र ध्यानात ठेवा. ती जन्माची घडण आहे.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर रशियात अलेक्झांडर लुरिया यांनी डोक्याला गोळी लागलेले कितीतरी सैनिक तपासले आणि मांडलं, की मेंदूचा पुढचा भाग बेत आखतो, कामावर नजर ठेवतो आणि चूक सुधारतो. कारभारीण कुठं बसते याचा पत्ता असा हळूहळू लागत गेला.

"नीतीचा दोष" ते एडीएचडी

मुलांकडे डॉक्टरांचं लक्ष गेलं १९०२ मध्ये. लंडनमध्ये जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञानं तीन व्याख्यानं दिली. त्यांनी अशी मुलं पाहिली होती, की बुद्धी चांगली, पण लक्ष टिकत नाही, मनात आलं की करून मोकळी, आणि शिक्षा करून फरक पडत नाही. निरीक्षण किती बारीक! पण नाव काय दिलं? नैतिक नियंत्रणाचा दोष. म्हणजे पुन्हा फिरून गोष्ट चांगलं-वाईट यावरच आली. आपल्या "वळण नाही" या बोलण्यासारखंच ते.

पुढं १९३७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरला दिसलं, की एका औषधानं अशी काही मुलं शांत बसून अभ्यास करू लागतात. दोष नीतीचा असता, तर गोळीनं कसा बदलला असता? तरीही नावं बदलायला वेळ लागला. १९६८ मध्ये अमेरिकी डॉक्टरांच्या पुस्तकात नाव आलं ते अतिचंचलतेचं, म्हणजे नजर होती फक्त हातापायांच्या हालचालीवर. १९८० मध्ये लक्ष हा शब्द पुढं आला. १९८७ मध्ये एडीएचडी हे नाव आलं. १९९७ मध्ये रसेल बार्कली यांनी मुद्दा नेमका धरला : या माणसांना काय करायचं ते माहीत असतं. अडचण येते ती माहीत असलेलं वेळेवर करण्यात. आपल्या आजीनं हे ऐकलं असतं तर ती म्हणाली असती, "हे तर आम्ही कधीचं म्हणतो, कळतं पण वळत नाही." फरक एवढाच, की आजी ते रागावून म्हणायची आणि बार्कली समजून सांगत होते.

थंड आईचा आळ

स्वमग्नतेचा इतिहास याहून कडू आहे. मॉस्कोमध्ये ग्रुन्या सुखारेवा या बाई-डॉक्टरनं १९२५-२६ मध्येच अशा मुलांचं नेमकं वर्णन केलं होतं. जगानं त्याची फार दखल घेतली नाही. १९४३ मध्ये अमेरिकेत लिओ कॅनर यांनी अकरा मुलांबद्दल लेख लिहिला, त्यात आठ मुलगे आणि तीन मुली होत्या. या मुलांना सगळं जसंच्या तसं लागतं, बदल सोसत नाही, हे त्यांनी टिपलं. पण पुढं त्यांनीच लिहिलं, की या मुलांचे आईबाप फार थंड असतात, जणू मुलं फ्रीजमध्ये वाढली. ते बोलणं पसरत गेलं आणि सगळा भार आईवर आला. शिकागोच्या ब्रुनो बेटेलहाइम यांनी १९६७ मध्ये त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. हजारो आयांना डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं : तुझ्या मायेत कमी होती म्हणून लेकरू असं झालं.

त्याच १९६७ साली दुसरंही एक पुस्तक आलं. ते लिहिलं होतं क्लारा पार्क या आईनं. आपली लेक कशी आहे आणि तिच्यासोबत आपण रोज कसे शिकलो, हे तिनं शांतपणे मांडलं. त्याआधी १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलंड या बापानं, जो स्वतः मानसशास्त्रज्ञ होता, दाखवून दिलं होतं, की हे जन्मजात आहे, वाढवण्यातून आलेलं नाही. १९६९ मध्ये पालकांच्या मेळाव्यात उभं राहून कॅनर यांनी आईबापांना दोषातून मोकळं केलं. पहिल्या लेखापासून सव्वीस वर्षं गेली होती.

लंडनमध्ये लॉर्ना विंग होत्या. मनोविकारतज्ज्ञ, आणि सुझी या स्वमग्न मुलीच्या आई. ज्युडिथ गूल्ड यांच्यासोबत १९७९ मध्ये त्यांनी दाखवलं, की स्वमग्नता एकाच साच्याची नसते. कोणी बोलत नाही, कोणी खूप बोलतं. कोणाला रोज सोबत लागते, कोणी नोकरी करतं. १९९१ मध्ये सॅली ओझोनॉफ आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वमग्न मुलांना कोडी आणि पत्त्यांचे खेळ दिले. क्रम आखणं आणि नियम बदलला की आपली रीत बदलणं, इथं ती अडत होती. म्हणजे लेकरू रस्त्यात बसतं ते हट्टानं नाही. मेंदूतली कारभारीण जुन्या बेतावरून नव्या बेताकडे चटकन वळू शकत नाही. आणि एकाच माणसात एडीएचडी आणि स्वमग्नता दोन्ही असू शकतात, हे अमेरिकी डॉक्टरांच्या पुस्तकानं मान्य केलं ते थेट २०१३ मध्ये.

या सगळ्या अभ्यासात मुलगे जास्त, मुली कमी. गोंधळ घालणारा पोरगा लगेच दिसतो. मागच्या बाकावर खिडकीबाहेर बघत बसलेली पोरगी कोणाला दिसत नाही. तीच पुढं सून होते. स्वयंपाक, सणवार, नातीगोती, जनावरं, वावर हा सगळा कारभारच असतो. मग तिच्या वाट्याला शब्द येतो, बिनकामाची.

आपल्याकडची वाट

आपल्या राज्यातही वाट काढली ती घरच्यांनीच. मुंबईत जय वकील आणि त्यांचे पती होरमसजी यांना डाउन सिंड्रोम असलेली मुलगी झाली. तिला शिकवणारी शाळा नव्हती, म्हणून त्यांनी १९४४ मध्ये शाळा काढली. ती आजही चालते. पुण्यात १९६४ मध्ये कामायनी सुरू झाली. आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात वझ्झरला शंकरबाबा पापळकर यांनी टाकून दिलेल्या दिव्यांग लेकरांना आपलं आडनाव दिलं. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. या संस्था प्रामुख्यानं बुद्धीची वाढ कमी असलेल्या किंवा इतर दिव्यांग मुलांच्या. स्वमग्नतेचं वेगळेपण सांगण्याचं काम दिल्लीत मेरी बरुआ या आईनं १९९१ मध्ये सुरू केलं.

कायदा मागून आला. १९९५ च्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यांत स्वमग्नता नव्हती. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तिचं नाव आलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत. त्यांत स्वमग्नता आहे, अध्ययन अक्षमताही आहे. एडीएचडीचं मात्र वेगळं नाव अजून नाही. शिरगणतीतल्या चार रकान्यांपासून आपण इथवर आलो, पण सगळे रकाने अजून भरलेले नाहीत. आणि एक कलम प्रत्येक आईनं पाठ करावं : २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत मुलांना मारायला आणि मानसिक त्रास द्यायला बंदी आहे.

आपण काय करायचं

इतिहास एवढं शिकवतो, की बोल लावून कोणाचा कारभार सुधारला नाही. बाहेरून आधार दिला की सुधारला. निंदणाच्या ओळीत जो आधार आपोआप मिळे, तो आता आपण जाणूनबुजून द्यायचा.

एका वेळी एकच काम सांगा. "अंघोळ कर, दप्तर भर, अंडे आण, आजीला हाक मार" यातलं पहिलं सुरू होण्याआधीच शेवटचं विसरलेलं असतं. सकाळच्या कामांची चित्रं क्रमानं भिंतीवर लावा. झालेल्या कामावर खूण करू द्या. वस्तूंची जागा ठरवा आणि ती बदलू नका. वेळ दिसू द्या : मोबाइलचा गजर, नाहीतर "ऊन ओट्यावर येईपर्यंत". अवघड काम सुरू करताना शेजारी बसा. नुसतं सोबत बसलं तरी पुष्कळांचा हात चालू होतो.

स्वमग्न लेकराला उद्याचा बदल आजच सांगा : "उद्या शाळा नाही, मामाकडे जायचं आहे." आठवडी बाजारातला गलका, भोंगे, गर्दी त्याला सोसत नसेल तर सकाळी लवकर, गर्दी नसताना न्या. कान झाकून बसलं तर ते नखरे नव्हेत. त्याला शांत जागा द्या, प्रश्न विचारू नका, थोड्या वेळानं ते सावरतं.

गटातल्या बाईसाठीही हेच. बैठकीची तारीख आदल्या दिवशी आठवण करून द्या. हप्त्याचा हिशोब तोंडी न सांगता कागदावर द्या. जी हिशोबात गोंधळते, ती कदाचित बाजारात माल विकण्यात सगळ्यांत पुढं असेल. ज्यात मन रमतं त्यात अशी माणसं तासन्‌तास जीव ओततात. काम वाटताना तेही पाहा.

पण नाव आपण द्यायचं नाही. लक्ष न लागण्याची कारणं पुष्कळ असतात. कानानं कमी ऐकू येणं, अशक्तपणा, झोप न होणं, घरातली दारू आणि मारझोड. आधी ते तपासायचं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. त्या दिवशी लेकरू घरी ठेवू नका. शंका असेल तर स्वतः जाऊन बोला. आशाताईला सांगून वाशीमच्या जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. स्वमग्नतेचं निदान झालं तर दिव्यांग प्रमाणपत्रासाठी अर्ज करा. त्यावर परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिकासारख्या सवलती मागता येतात. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत एक लाखापर्यंतच्या उपचारांचा विमा आहे. मन खचलं असेल तर टेलीमानसचा १४४१६ हा नंबर फुकट आहे. आईनं स्वतःसाठीही तो लावावा. एडीएचडीची औषधं असतात, ती फक्त डॉक्टरच्या सांगण्यावरून. आणि स्वमग्नता मुळापासून घालवतो म्हणून कोणी अंगारा दिला किंवा हजारो रुपये मागितले, तर गटात आधी चार बायांशी बोला. तसा इलाज नाही, कारण तो आजारच नाही.

गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ता गोळा झाल्यावर दहा मिनिटं ठेवा. आपल्या गावात आपण कोणाकोणाला वेंधळी, हट्टी, बिनकामाची म्हणतो, ते आठवा. ती नावं मोठ्यानं घ्यायची गरज नाही. फक्त प्रत्येकीनं एकाच माणसाबद्दल विचार करायचा, की त्याला किंवा तिला नेमकं कुठं अडतं : सुरू करायला, आठवायला, थांबायला, की बदलायला? तेवढं कळलं, की आपल्याला काय करता येईल तेही सुचेल. आणि तिथं एखादी आई गप्प बसली असेल, तर तिला एवढंच सांगा : बाई, यात तुझा दोष नाही.